जर्मनीचा नाताळ बाजार: महिनाभर जत्रा, मग साडेतीन दिवस कुलूप

सांगली-साताऱ्याकडून जर्मनीला शिकायला गेलेल्या पोरांचा पहिल्या वर्षीचा नाताळ तारखेवरून चुकतो. नाताळ म्हणजे २५ डिसेंबर, हे शाळेच्या सुट्ट्यांपासून डोक्यात बसलेलं. त्यामुळे बेत असा ठरतो: असाइनमेंट उरकायच्या, २५ ला गाडी पकडायची आणि फोटोत दिसतो तो दिव्यांचा बाजार बघायचा. बाजार मात्र २३ ला रात्री, फार तर २४ ला दुपारी आटोपलेला असतो. २५ ला चौकात फळ्या मारलेल्या लाकडी टपऱ्या आणि कबुतरं. पुसेगावच्या यात्रेला रथ होऊन गेल्यावर पोचावं, तशातली गत. बर्लिनसारख्या शहरात काही बाजार नाताळनंतरही चालतात, पण त्या भरवशावर तिकीट काढू नये.

म्हणून इथे दोन गोष्टी वेगवेगळ्या तोलल्या आहेत. एक, नोव्हेंबरअखेरीपासून चालणारा बाजार, जर्मनमध्ये ‘वाइनाख्ट्समार्क्ट’. दुसरी, त्यानंतर बंद दारांआड होणारा खरा सण. बाजाराला पाचात चार गुण. सणाला, एकट्या राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिलं तर, दोन. तयारी केलेली असली तर साडेतीन.

बाजार कुठला बघावा? शहराच्या मुख्य चौकातल्या बाजाराला सहसा प्रवेशशुल्क नसतं, त्यामुळे खर्च प्रवासाचा आणि खाण्याचा. ड्रेस्डेनचा ‘श्ट्रिट्सेलमार्क्ट’ १४३४ पासूनचा, आणि ‘श्ट्रिट्सेल’ हे स्टोलन नावाच्या नाताळच्या केकचंच जुनं नाव. एकच बघायचा तर हा बघा. जवळच्या एर्त्सगेबिर्गं या डोंगराळ भागातलं लाकडी काम इथे चांगलं मिळतं: तोंडातून उदाचा धूर सोडणारे बाहुले, अक्रोडफोडे शिपाई, मेणबत्तीच्या गरम हवेवर फिरणारे मजल्यामजल्यांचे मनोरे. न्यूर्नबर्गचा बाजार दिसायला सर्वांत देखणा, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडी छतांचा. पण शनिवारी संध्याकाळी तिथे जाणं म्हणजे गणपतीत कोपऱ्याकोपऱ्यावर ढकलत पुढे सरकणं. शाकाहाऱ्याला तिथे पर्यायही कमी, कारण त्या शहराची शान म्हणजे पावात घातलेले तीन छोटे सॉसेज. कोलोनची सोय अशी की स्टेशनातून बाहेर पडलं की कॅथेड्रल आणि त्याच्या पायाशीच बाजार. सामान घेऊन मधल्या दोन तासांतही बघून होतो.

वार सोमवार ते गुरुवार, वेळ दुपारी साडेतीनची. डिसेंबरात तिथे सव्वाचारच्या आसपास सूर्य मावळतो, म्हणजे उजेड आणि दिवे दोन्ही मिळतात आणि ऑफिसं सुटायच्या आत खाणंही उरकतं. ‘डॉइचलांडटिकेट’ जानेवारी २०२६ पासून महिना ६३ युरोंना आहे. त्यावर देशभरातल्या साध्या प्रादेशिक गाड्या, बस, ट्राम चालतात. आयसीई, आयसी या वेगवान गाड्या चालत नाहीत. पुष्कळ विद्यापीठांच्या सेमिस्टर फीमध्येच याची विद्यार्थी आवृत्ती येते, तेव्हा पैसे भरण्याआधी आपलं कार्ड नीट वाचा.

थंडी अंगाला नाही, पायाला लागते. दगडी फरशीवर तास-दोन तास उभं राहिलं की कॅनव्हासच्या बुटात बोटं बधिर होतात. मग जो तो मोज्यावर मोजा चढवतो, आणि चूक तिथेच होते: बूट आवळला जातो, मधली हवा जाते, पाय आणखी गार पडतो. जाड रबरी तळ, अर्धा नंबर मोठा बूट आणि लोकरीचा एकच मोजा, एवढं पुरतं. महाबळेश्वरसाठी घेतलेलं जाकीट इथे आतला थर म्हणून चालेल, वरचा म्हणून नाही.

आता खाणं, कारण बाजाराची निम्मी किंमत तिथेच वसूल व्हायची असते.

शाकाहारी माणसाने सरळ ‘रायबेकुखेन’च्या टपरीकडे वळावं, काही भागांत त्यालाच ‘कार्टोफेलपुफर’ म्हणतात. किसलेला बटाटा, कांदा, थोडं पीठ आणि बहुधा अंडं, हे सगळं तेलात तळलेलं. उपासाच्या बटाट्याच्या थालीपिठाचा सख्खा भाऊ. सोबत सफरचंदाचा गोड गर देतात. तो पहिल्या घासाला विचित्र लागतो, तिसऱ्या घासाला जमून जातो. बिघडतं ते तळून रचून ठेवलेल्या टपरीवर: कडा मऊ पडतात आणि तेल आत शिरतं. ज्या टपरीची रांग भराभर पुढे सरकते तिथे उभं राहावं, कारण तिथे कढईतून थेट बशीत येतं. अंडं चालत नसेल तर मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका.

नावाने फसवणारे पदार्थ जास्त आहेत. ‘श्माल्त्सकुखेन’ म्हणजे पिठीसाखर भुरभुरवलेले तळलेले छोटे गोळे. नावातला ‘श्माल्त्स’ म्हणजे डुकराची चरबी. हल्ली पुष्कळ जण वनस्पती तेलात तळतात, पण विचारावंच लागतं. ‘फ्लामकुखेन’ ही पातळ भाकरीसारखी पोळी, वर आंबट साय आणि कांदा. नेहमीच्या प्रकारात ‘श्पेक’ म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात, त्याविना मागितली तर मिळते. ‘हांडब्रोट’ या भरलेल्या गरम पावात चीज-मशरूम आणि चीज-हॅम असे दोन प्रकार असतात, आणि कापल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. लाल कोबीची शिजवलेली भाजी पाहून जीव सुखावतो, पण ती हंसाच्या चरबीत परतलेली असू शकते. ‘ओने फ्लाइश, ओने श्पेक, ओने श्माल्त्स’, म्हणजे मांस नको, श्पेक नको, चरबी नको, एवढं पाठ असलं की काम भागतं. नुसतं ‘व्हेगेटारिश?’ विचारलं की गर्दीतला विक्रेता मान डोलावतो आणि चरबीचा विषय तसाच राहतो.

भाजलेले साखरी बदाम टाळू नका. तांब्याच्या कढईत साखर, पाणी, दालचिनी आणि बदाम एकत्र शिजतात. आधी पाक होतो, मग ढवळता ढवळता पाणी उडून साखर वाळूसारखी कोरडी बदामाला चिकटते, आणि आच तशीच ठेवली की ती वाळू पुन्हा वितळून चकचकीत कवच धरते. आपला साखरफुटाणेवाला या कढईपाशी पाच मिनिटं तरी रेंगाळेल. समोर भाजलेले, कागदी सुरळीतले गरम घ्यावेत. प्लास्टिकच्या पिशवीत आधीच बांधून टांगलेले ओल धरून चिकट होतात, आणि किंमत तीच.

लाल रिबिनीत अडकवलेली, आयसिंगने प्रेमाचे शब्द लिहिलेली, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची मोठी बिस्किटं ही गळ्यात घालायची वस्तू आहे. दात सांभाळा. खाण्याचा ‘लेबकुखेन’ हवा तर ‘एलिझेनलेबकुखेन’ हे नाव पाहून घ्यावा: त्यात बदाम, हेझलनट किंवा अक्रोड किमान २५ टक्के आणि पीठ जास्तीत जास्त १० टक्के, असा दंडक आहे. महाग वाटतो, पण एक पुरतो.

‘ग्ल्यूवाइन’ म्हणजे लवंग, दालचिनी, संत्र्याची साल घालून गरम केलेली वाइन. अल्कोहोल किमान ७ टक्के, गरम असल्यामुळे घोट पटापट जातात, आणि ‘मिट शुस’ म्हटलं की वर रमचा झोत पडतो. उकळलेली ग्ल्यूवाइन कडवट होते आणि अल्कोहोलही उडून जातं. भांड्यातून बुडबुडे येताना दिसले तर पुढची टपरी बघा. न पिणाऱ्यांसाठी ‘किंडरपुन्श’: फळांचा रस, तेच मसाले, फार गोड. बोर्डावर तो मुलांच्या नावाने असला तरी मोठी माणसंही बिनदिक्कत मागतात.

दोन्ही पेयं जाड मगात मिळतात आणि त्या मगाची अनामत घेतात, तिला ‘फांड’ म्हणतात. ३ ते ५ युरो धरून चाला. मग परत केला की पैसे परत. पोरं इथे दोनदा फसतात. काही ठिकाणी मगाबरोबर छोटा बिल्लाही देतात. तो हरवला तर नुसत्या मगावर अनामत मिळत नाही. आणि प्रत्येक टपरीचा मग वेगळा असू शकतो, दुसऱ्या टपरीवर तो घेत नाहीत. मगावर शहराचं नाव आणि वर्ष छापलेलं असतं, त्यामुळे घरी न्यायचा तर अनामत सोडून द्यायची. स्मरणवस्तूंच्या दुकानापेक्षा ते स्वस्त पडतं.

मोठ्या शहरात एका संध्याकाळचा हिशोब साधारण असा बसतो: बटाट्याचे पुफर ५ ते ६ युरो, एक गरम पेय ४ ते ५, बदाम ४ ते ५, स्वच्छतागृह १. म्हणजे १५ युरोंच्या आसपास, ढोबळमानाने दीड हजार रुपये. नोटा आणि सुटी नाणी बरोबर ठेवा. कार्ड न घेणाऱ्या टपऱ्या अजून आहेत, आणि रांगेत शंभराची नोट पुढे केली की मागून उसासे ऐकू येतात.

खरेदीत एकच गोष्ट मनापासून सुचवू: हेर्नहूटचा तारा. आपला आकाशकंदीलच, फक्त काटेरी. चौकोनी तळाची १७ आणि त्रिकोणी तळाची ८, अशी २५ टोकं. १९ व्या शतकात मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या निवासी शाळेत भूमिती शिकवण्यासाठी तो पहिल्यांदा बनवला गेला, आणि कागदी तारा अजूनही सुट्या टोकांनी येतो, जोडावा आपणच लागतो. दिवाळीला हॉस्टेलच्या खिडकीत लावायला कंदील मिळत नाही म्हणणाऱ्यांनी डिसेंबरात हा घेऊन ठेवावा. कागदी प्रकार घरात लावायचा, बाहेर पावसात लावायचा तर प्लास्टिकचा.

स्टोलनबद्दल सविस्तर, कारण त्यात आपल्याकडच्या मालाला जागा आहे. ‘ड्रेस्डनर स्टोलन’ हे नाव संरक्षित आहे आणि त्याचं प्रमाण ठरलेलं आहे: पिठाच्या १०० भागांना किमान ५० भाग लोणी, ६५ भाग बेदाणे, २० भाग संत्र्या-लिंबाच्या पाकवलेल्या साली, १५ भाग बदाम. सुपरमार्केटचा स्वस्त स्टोलन कोरडा लागतो तो यात काटछाट झाल्यामुळे. बाजारातला बहुतेक स्टोलन रममध्ये भिजवलेल्या बेदाण्यांचा असतो, हेही घेण्याआधी लक्षात असू द्या.

हॉस्टेलच्या ओव्हनमध्ये तो होतो. मैदा ५०० ग्रॅम, तिथल्या पाकिटावर ‘४०५’ किंवा ‘५५०’ लिहिलेलं. लोणी २५०, बेदाणे ३२५, साली १००, बदाम ७५ ग्रॅम, साखर ५०, चिमूटभर मीठ, कोमट दूध १५० मिली आणि ताज्या यीस्टची ४२ ग्रॅमची एक वडी. बेदाणे तासगावचे असले तर उत्तम. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे आणि हिरवट लांब दाणा भिजवल्यावर छान फुगतो. आधी कोमट पाण्यात चोळून धुवा, कारण सुकवण्याआधी द्राक्षं डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवलेली असतात. मग रात्रभर संत्र्याच्या रसात ठेवा आणि सकाळी निथळून घ्या. कोरडेच टाकले तर ते केकमधलं पाणी ओढून घेतात आणि कापताना भुगा होतो.

यीस्ट, दूध आणि मूठभर मैदा अर्धा तास फुगू द्या. उरलेला मैदा, साखर, मीठ, मऊ लोणी घालून दहा मिनिटं मळा आणि तासभर झाका. लोण्याने जड झालेलं पीठ दुप्पट होत नाही. ते वाट बघण्यात दुपार घालवू नका, थोडं वर आलं की पुरे. बेदाणे, साली आणि बदाम शेवटी, हलक्या हाताने. आधीच मळले तर बेदाणे फुटतात आणि पीठ मळकं, चिकट होतं. दोन लाद्या करा, अर्धा-पाऊण तास ठेवा, वर डोकावणारे बेदाणे उपटून काढा, नाहीतर जळून कडू होतात. १७० अंशांवर ४५ मिनिटं. बाहेर काढल्या काढल्या पातळ केलेलं लोणी दोनदा पाजा आणि वर पिठीसाखरेचा जाड थर द्या. खरी परीक्षा पुढे आहे: कागदात आणि फॉइलमध्ये गुंडाळून दोन आठवडे गार जागी न खाता ठेवायचा. त्याच दिवशी कापला तर तो गोड पाव लागतो. म्हणून हे काम डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात.

आता कुलूप. जर्मनीत सणाची संध्याकाळ २४ ची. भेटी, जेवण, चर्च सगळं तेव्हा. दुकानं २४ ला दुपारी दोनपर्यंत, कित्येक त्याआधीच बंद होतात. २५ आणि २६ दोन्ही सार्वजनिक सुट्ट्या, आणि रविवारी दुकानं बंदच. २०२६ मध्ये २४ ला गुरुवार आहे, म्हणजे शुक्रवार-शनिवार सुट्टी आणि लगेच रविवार. गुरुवारी दुपारी बंद झालेलं दुकान सोमवारी २८ ला उघडणार. तुर्की किंवा भारतीय किराणाही याला अपवाद नसतो. मोठ्या स्टेशनांवरची दुकानं उघडी असतात, पण भाव स्टेशनचा. विद्यापीठाची खानावळ या दिवसांत बंद, लायब्ररी बहुधा बंद.

साडेतीन दिवसांचा एका माणसाचा साठा: दूध २ लिटर, कणीक दीड किलो, तांदूळ-डाळ, कांदे-बटाटे २ किलो, टिकाऊ भाजी म्हणून गाजर-कोबी, आणि पॅरासिटामॉल. खरेदी २३ ला सकाळी करा. २४ ला अकरा वाजता पावाचे आणि दुधाचे कप्पे रिकामे सापडतात. औषधांच्या दुकानांची पाळी ठरलेली असते आणि जवळचं उघडं दुकान कुठलं, ते बंद दुकानाच्या दारावर लावलेलं असतं. तातडी नसलेल्या दुखण्याला फोन ११६११७, जिवावरच्या प्रसंगाला ११२. गाड्या २५-२६ लाही धावतात, सुट्टीच्या वेळापत्रकाने. इंग्लंडमध्ये शिकणाऱ्यांनी मात्र हे वाचून निर्धास्त होऊ नये. तिथे २५ ला रेल्वे जवळजवळ पूर्ण बंद असते.

आणखी एक: सुट्टीच्या दिवशी शांतता पाळण्याचा नियम जर्मन लोक मनावर घेतात. २५ ला सकाळी मिक्सरवर चटणी फिरवू नका.

या दिवसांत एकटं पडायचं नसेल तर डिसेंबरच्या सुरुवातीलाच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात आणि प्रोटेस्टंट-कॅथलिक विद्यार्थी मंडळांत चौकशी करा. २४ ला परदेशी विद्यार्थ्यांचं जेवण किंवा जर्मन कुटुंबात आमंत्रण, असले उपक्रम पुष्कळ ठिकाणी असतात. ख्रिस्ती असण्याची अट सहसा नसते. मिरजेत मिशन हॉस्पिटलच्या आसपास वाढलेल्यांना नाताळचं चर्च आणि गाणी नवी नाहीत. नवं वाटेल ते जेवणाचं साधेपण. कित्येक घरांत २४ ला फक्त बटाट्याचं सॅलड आणि उकडलेले सॉसेज असतात, मोठी मेजवानी २५ ला. आणि शाकाहाऱ्याने सॅलडलाही सावध असावं: दक्षिणेकडे ते मेयोनेजऐवजी मांसाच्या गरम रश्शात मुरवतात. दिसायला निव्वळ बटाटा. शाकाहारी आहोत हे आमंत्रण स्वीकारतानाच सांगा, ताटावर नाही. सहाला बोलावलं असेल तर सहालाच बेल वाजवा. घरी व्हिडिओ कॉल करायचा तर त्याआधी, कारण तिथले सहा म्हणजे सांगलीत रात्रीचे साडेदहा.

भेट म्हणून घरून काय पाठवावं, यावर इथल्या आईवडिलांसाठी थोडं. पार्सलमध्ये कंदी पेढे घालू नका. युरोपीय संघाबाहेरून खासगी पार्सलने दुधाचे पदार्थ पाठवायला मनाई आहे. पेढा, तूप, खव्याची बर्फी सगळं त्यात येतं, आणि कस्टमने उघडलं तर तो डबा नष्ट होतो. ताजा कढीपत्ताही नको. भडंग, बेदाणे, हळद, कोरडी चटणी चालते. भडंग मात्र दुहेरी सीलबंद पिशवीत, नाहीतर तिथे पोचेपर्यंत चिवट होतं आणि लसणाचा वास कपड्यांना. एका खासगी व्यक्तीने दुसऱ्याला पाठवलेली भेट ४५ युरोंपर्यंत करमुक्त असते. फॉर्मवर नुसतं ‘खाऊ’ किंवा ‘घरगुती सामान’ लिहू नका. प्रत्येक वस्तू, तिचं वजन आणि खरी किंमत इंग्रजीत लिहा. मोघम लिहिलेलं पार्सल अडकतं, मग पोराला कस्टम ऑफिसात जाऊन स्वतः उघडून दाखवावं लागतं. नाताळाआधी पोचायला हवं असेल तर नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात टाका. डिसेंबरात तिथली टपालव्यवस्था तुडुंब भरलेली असते.

राहिलेली खरेदी नाताळ झाल्यावर. दुकानं उघडली की उरलेले स्टोलन, लेबकुखेन, चॉकलेटचे सांताक्लॉज निम्म्या किमतीत किंवा त्याहून कमीत टोपल्यांत पडलेले असतात. सीलबंद स्टोलनची तारीख बघून घ्या. पुष्कळदा फेब्रुवारी-मार्चची असते, आणि सेमिस्टरच्या परीक्षा नेमक्या त्याच दिवसांत येतात.